लेखांक ८ : लॉग स्वच्छ, फील्ड मात्र नल

स्कोप आणि प्रॉक्सींबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं, ते पुढे ढकलतो. एका वाचकाचा प्रश्न आलाय आणि दोन ओळींत उत्तर देऊन भागेल असा तो नाही. त्यांनी टॉमकॅट ९ वरचं ॲप्लिकेशन टॉमकॅट १० वर नेलं, सोबत वेल्ड हा इंजेक्शन करणारा कंटेनरही नवा घेतला. बिल्ड झालं, डिप्लॉय झालं, लॉगमध्ये एकही तक्रार नाही. पहिली रिक्वेस्ट आली आणि थेट नलपॉइंटरएक्सेप्शन. सर्व्हिसचं फील्ड रिकामं. ‘कंटेनरला बीन सापडत नाहीये का?’ असं ते विचारतात.

बीन सापडलं नसतं तर वेल्डनं गोंधळ घातला असता. ‘हवी ती डिपेन्डन्सी मिळाली नाही’ असं सांगणारी त्याची एरर, वेल्ड-००१४०८, आठवा. कुठल्या क्लासच्या कुठल्या फील्डला काय हवं होतं हे तो नावानिशी सांगतो आणि ॲप्लिकेशन सुरूच होऊ देत नाही. इथे तो गप्प आहे, म्हणजे तो शोधायलाच गेलेला नाही. अशा वेळी मी आधी बघतो, ऑब्जेक्ट बनवला कोणी? कोडमध्ये कुणी हातानं ‘न्यू’ केलं असेल तर कंटेनरचा त्याच्याशी संबंधच येत नाही, शोध तिथेच संपतो. कंटेनरनंच बनवला असेल, तर फील्डवरचं ‘इन्जेक्ट’ कुठल्या पॅकेजमधलं आहे ते बघायचं.

‘जावाएक्स डॉट इन्जेक्ट’ हे पॅकेज २००९ साली जेएसआर ३३० मधून आलं. ग्यूसचे बॉब ली आणि स्प्रिंगचे रॉड जॉन्सन, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी फ्रेमवर्कचे जनक, त्यासाठी एकत्र आले. अख्ख्या पॅकेजात इन्जेक्ट, नेम्ड, प्रोव्हायडर, क्वालिफायर, स्कोप, सिंगलटन एवढंच. इतकं आटोपशीर काम जावाच्या जगात विरळाच! पुढे जावा ईई ओरॅकलकडून इक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं आणि जकार्ता ईई झालं, पण ‘जावाएक्स’ नावाखाली नवे बदल करायची मोकळीक मिळाली नाही. डिसेंबर २०२० मध्ये जकार्ता ईई ९ नं पॅकेजांची नावं ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’ केली. टॉमकॅट १० त्याच पिढीचं.

आता ‘जावाएक्स डॉट इन्जेक्ट’चं जुनं जार क्लासपाथवर शिल्लक असलं, की जुना इम्पोर्ट बिनबोभाट कंपाइल होतो. नव्या वेल्डला मात्र ते ॲनोटेशन ओळखीचं नसतं, त्यामुळे फील्डकडे तो वळूनही पाहत नाही. जार वॉरमधून काढून टाकलं तरी एरर येत नाही! एखाद्या ॲनोटेशनचा क्लास रनटाइमला सापडला नाही, तर जावा ते ॲनोटेशन नसल्यासारखंच वागते. क्लासनॉटफाउंडची वाट बघत बसलेल्यांचे दिवस इथे वाया जातात.

इम्पोर्टची ओळ वाचून थांबू नका, वॉरमधल्या क्लास फाइलवर ‘जावापी -व्ही -पी’ चालवा. फील्डखाली ‘रनटाइमव्हिजिबलॲनोटेशन्स’ असं येतं आणि त्याच्याखाली पॅकेजसकट पूर्ण नाव. तिथे ‘जावाएक्स’ दिसलं की चोर सापडला. मग मेव्हनचं डिपेन्डन्सी ट्री काढून जार कोण ओढून आणतंय ते बघायचं. ग्यूसच्या ६ पर्यंतच्या आवृत्त्या आणतात.

कन्स्ट्रक्टर इंजेक्शनचा मी इतका आग्रह धरतो तो याचसाठी. बीनला एकच कन्स्ट्रक्टर आहे, तो सर्व्हिस मागतो आणि त्यावर जुनं ‘इन्जेक्ट’ आहे, असं समजा. वेल्डच्या दृष्टीनं तो क्लास बीनच उरत नाही. तो जिथे हवा असेल तिथे सुरुवातीलाच १४०८ येतो आणि मुका दोष बोलायला लागतो. टॉमकॅटवरच्या सर्व्हलेटमध्ये ही सोय नाही, तिथे फील्डवर किंवा मेथडवरच ‘इन्जेक्ट’ लावावं लागतं.

घाईनं सगळीकडे ‘जावाएक्स’चं ‘जकार्ता’ करून टाकू नका. ‘जावाएक्स डॉट एसक्यूएल’ आणि ‘जावाएक्स डॉट नेमिंग’ जेडीकेची पॅकेजं आहेत, ती तशीच राहतात. डेटासोर्सच्या फील्डवर तर दोन्ही नावं शेजारी शेजारी येतात. फील्डचा टाइप ‘जावाएक्स डॉट एसक्यूएल’मधला, आणि वरचं ‘रिसोर्स’ आता ‘जकार्ता डॉट ॲनोटेशन’मधलं. ते बदलायचं राहिलं, तर डेटासोर्सही असाच गुपचूप नल मिळतो.