जुन्या ध्वनिमिश्रकाच्या वीजपुरवठा संचाची स्वच्छता व दुरुस्ती : एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना

नाट्यगृहे, ध्वनिमुद्रणगृहे आणि महाविद्यालयीन सभागृहे यांमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बसविलेले ॲनालॉग ध्वनिमिश्रक, म्हणजेच बोलीभाषेतील 'मिक्सर', अद्यापही काही ठिकाणी वापरात असल्याचे दिसून येते. अशा यंत्रात बिघाड झाल्यास दोष बहुधा ध्वनिमार्गातच शोधला जातो. वस्तुतः अनेकदा त्याचे मूळ मिश्रकास वीज पुरविणाऱ्या संचात असते. हा संच मोठ्या मिश्रकांमध्ये स्वतंत्र लोखंडी पेटीत बसविलेला असतो व वर्षानुवर्षे मंचाखालच्या धुळीत पडून राहतो. प्रस्तुत लेखात या संचाची कार्यपद्धती, त्याच्या जीर्णतेची कारणे आणि स्वच्छता व दुरुस्तीचा योग्य क्रम यांचे विवेचन केले आहे.

वीजपुरवठा संचाची रचना

पारंपरिक संचाचे प्रमुख घटक चार होत : रोहित्र अर्थात ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, गाळणी कपॅसिटर आणि व्होल्टता नियामक. रोहित्र २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब कमी करते, रेक्टिफायर त्यास एकाच दिशेचे रूप देतो, कपॅसिटर त्यातील चढउतार भरून काढतो आणि नियामक अंतिम दाब स्थिर राखतो. मिश्रकातील ऑप-ॲम्प या प्रवर्धकांसाठी साधारणतः १५ ते १८ व्होल्टचे धन व ऋण असे दोन पुरवठे लागतात. याखेरीज कंडेन्सर मायक्रोफोनसाठी ४८ व्होल्टचा 'फँटम' पुरवठा असतो. या ४८ आकड्यामागे इतिहास आहे. १९६६ मध्ये नॉयमान या जर्मन कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी ट्रान्झिस्टरयुक्त मायक्रोफोन सादर केला, तेव्हा तेथील स्टुडिओंत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच उपलब्ध होता. तोच दाब पुढे रूढ झाला.

जीर्णतेची कारणमीमांसा

संचातील सर्वांत अल्पायुषी घटक म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर होय. दुरुस्तीच्या दुकानांत यास आजही 'कंडेन्सर' असेच म्हणतात. त्याच्या आतील द्रव कालांतराने सुकतो. परिणामी धारकता घटते व अंतर्गत रोध वाढतो. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की आयुष्य सुमारे निम्मे होते, हा याविषयीचा सर्वमान्य ठोकताळा आहे. ८५ अंशांस २,००० तास टिकणारा कपॅसिटर ४५ अंशांस सुमारे ३२,००० तास टिकेल. रोज ८ तास वापर धरल्यास हा काळ जवळजवळ ११ वर्षांचा होतो. तथापि उष्णताशोषक पट्ट्यांवर व पंख्यावर धूळ साचून आतील तापमान ५५ अंशांवर गेले, तर हाच काळ साडेपाच वर्षांवर येतो. स्वच्छता हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आपल्याकडील हवामानाचाही येथे विचार करणे आवश्यक आहे. पावसाळ्यातील दमट हवा आणि किनारपट्टीवरील क्षारयुक्त वारा यांमुळे जोडण्यांचे पृष्ठभाग गंजतात. धुळीचा थर ओलावा धरून ठेवतो आणि त्यातून गळती प्रवाह वाहू शकतो.

दोषाचे स्वरूप : एक उदाहरण

सदोष संचाचे सर्वपरिचित लक्षण म्हणजे ध्वनिक्षेपकातून येणारी अखंड घुमघुम, म्हणजेच 'हम'. भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असून पूर्ण-तरंग रेक्टिफायरनंतर उरणारी लहर १०० हर्ट्झची असते. संगीताच्या परिभाषेत हा स्वर ५० हर्ट्झच्या स्वराच्या बरोबर एक सप्तक वर आहे. म्हणून १०० हर्ट्झची घुमघुम प्रथम गाळणी कपॅसिटरकडे बोट दाखविते. ५० हर्ट्झची घुमघुम मात्र बहुधा भूजोडणीचे वलय किंवा रोहित्राचे चुंबकीय क्षेत्र यांतून उद्भवते. रेक्टिफायरमधील एखादा डायोड निकामी झाला तरी लहर ५० हर्ट्झची होऊ शकते.

काही संचांत हा दोष सकाळी आढळत नाही, सायंकाळी मात्र प्रकटतो. याचे स्पष्टीकरण साध्या गणिताने देता येते. समजा, रोहित्राचा दाब २० व्होल्ट, कपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरड, भार २ अँपिअर व नियामकाचा निर्गम १७ व्होल्ट आहे. नियामकास योग्य कार्यासाठी किमान २० व्होल्ट हवेत, असे धरू. २० व्होल्टचे शिखरमूल्य सुमारे २८.३ व्होल्ट असते. डायोडमधील घट वजा जाता २६.५ व्होल्ट उरतात. लहर सुमारे २ व्होल्ट असल्याने नियामकास किमान २४.५ व्होल्ट मिळतात. कपॅसिटर जीर्ण होऊन ४,००० मायक्रोफॅरडवर आला, तर लहर ५ व्होल्ट होते, तरीही २१.५ व्होल्ट शिल्लक राहतात व दोष ऐकू येत नाही. परंतु सायंकाळी वीजदाब २०७ व्होल्टवर उतरला की शिखर २३.७ व्होल्टवर येते आणि तळ १८.७ व्होल्टवर जातो. नियामक आपले कार्य सोडतो व लहर थेट ध्वनीत उतरते. अर्थात, मल्टिमीटरवर दाब योग्य दिसला म्हणून संच निर्दोष ठरत नाही.

याहून गंभीर बाब म्हणजे नियामक आतून 'शॉर्ट' होणे. अशा वेळी २५ व्होल्टहून अधिक अनियंत्रित दाब मिश्रकात शिरतो. दीर्घकाळ प्रचलित असलेल्या मूळ टीएल०७२ या ऑप-ॲम्पची कमाल मर्यादा धन व ऋण बाजूंस प्रत्येकी १८ व्होल्ट आहे. एका स्वस्त घटकाच्या अपयशाने संपूर्ण मिश्रकातील अनेक प्रवर्धक क्षणार्धात निकामी होऊ शकतात.

स्वच्छतेची पद्धती

प्रथम संच विजेपासून पूर्णतः अलग करून मिश्रकाची केबल काढावी. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार टिकून राहतो. पेचकसाने ठिणगी पाडून तो उतरविण्याची प्रथा घातक आहे. त्याऐवजी १०० ओहम, १० वॅटचा रोध इन्सुलेटेड चिमट्यांनी काही सेकंद जोडावा व मल्टिमीटरने शून्य दाबाची खात्री करावी.

त्यानंतर मऊ कुंचला व निर्वात-झाडू यांनी धूळ काढावी. हवेचा झोत वापरताना पंख्याची पाती हाताने धरून ठेवावीत, अन्यथा अतिवेगाने फिरून बेअरिंग खराब होते. बोर्डावरील चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावा. कपॅसिटरच्या बुडाशी दिसणारा तपकिरी पदार्थ दर वेळी गळलेला द्रव नसतो. पुष्कळदा तो कारखान्यात लावलेला गोंद असतो. तथापि जुना गोंद काळवंडल्यावर विद्युतवाहक व क्षरणकारी बनू शकतो, म्हणून तोही खरवडून काढावा.

दुरुस्ती व चाचणी

१) कपॅसिटर बदलताना ध्रुवता तंतोतंत पाळावी. व्होल्टमर्यादा मूळइतकी वा अधिक असावी व १०५ अंशांचा प्रकार निवडावा. धारकता अवाजवी वाढवू नये; त्यामुळे आरंभीचा प्रवाह वाढून रेक्टिफायर व फ्यूजवर ताण येतो.

२) जड घटकांच्या पायांभोवती डाखास वर्तुळाकार तडे गेलेले आढळतात. तेथील जुना डाख काढून नवा द्यावा.

३) नियामक व उष्णताशोषक यांमधील वाळलेले उष्णतावाहक मलम बदलावे आणि अभ्रकाची चकती अखंड असल्याची खात्री करावी.

४) फ्यूज मूळ क्षमतेचा व त्याच प्रकाराचा असावा. परदेशी संचावरील दाब-निवडक तपासणे अगत्याचे आहे. ११५ व्होल्टवर ठेवलेला संच २३० व्होल्टवर जोडल्यास अनर्थ होतो.

५) घुमघुम कमी व्हावी म्हणून भूजोडणीची तार काढण्याचा उपाय कदापि करू नये. त्याने दोष झाकला जातो आणि धातूची पेटी प्राणघातक ठरू शकते.

दुरुस्तीनंतर संच मिश्रकास लगेच जोडू नये. प्रथम मालिकेत ६० वा १०० वॅटचा तंतूचा दिवा घालून वीज द्यावी. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर शॉर्ट नाही; तो प्रखर राहिला तर दोष शिल्लक आहे. दीर्घकाळ बंद असलेल्या संचात जुने कपॅसिटर राखले असल्यास प्रयोगशाळेतील डिमरस्टॅटने दाब हळूहळू वाढवावा, म्हणजे आतील ऑक्साइडचा थर पुन्हा तयार होतो. डिमरस्टॅट मुख्य विजेपासून विलगीकरण करीत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

पुढे प्रत्येक १७ व्होल्ट पुरवठ्यावर ८.२ ओहम व किमान ५० वॅट क्षमतेचा तारगुंडाळीचा रोध जोडून सुमारे २ अँपिअरचा भार द्यावा. एक तासभर दाब, तापमान व ऑसिलोस्कोपवरील लहर नोंदवावी. शेवटी वीजदाब २०७ व्होल्टपर्यंत उतरवून हीच निरीक्षणे पुन्हा घ्यावीत. निर्गमातील लहर या स्थितीतही काही मिलिव्होल्टपलीकडे जात नसेल, तरच संच मिश्रकास जोडण्यायोग्य समजावा.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, वीजपुरवठा संच हा ध्वनिमिश्रकाचा दुय्यम भाग नसून त्याच्या आयुष्याचा आधार आहे. त्याची जीर्णता दीर्घकाळ अदृश्य राहते आणि पुरेसा वीजदाब तिला झाकून ठेवतो. म्हणून 'बिघडल्यावर पाहू' ही वृत्ती येथे महागात पडते. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, स्वच्छता व भारचाचणी करून निरीक्षणांची लेखी नोंद ठेवल्यास येऊ घातलेला दोष आधीच लक्षात येतो. इलेक्ट्रॉनिक्स विभाग असलेल्या महाविद्यालयांनी हे कार्य अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकात समाविष्ट केल्यास पाठ्यपुस्तकातील रेक्टिफायर व गाळणी परिपथ विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अनुभवता येतील आणि संस्थेची मौल्यवान सामग्रीही सुरक्षित राहील.