गुहेतील पावसाची खतावणी

पीककर्जाचे प्रकरण हाताळताना पर्जन्यमानाची आकडेवारी पदोपदी लागते. आपल्या देशाच्या हवामान विभागाची स्थापना १८७५ सालची. त्यापूर्वीच्या पावसाची शिस्तशीर नोंद विरळाच. मग तीनशे वर्षांपूर्वीचा पावसाळा कसा होता, हे कोणास विचारावे? आम्हां बंगळूरुकरांच्याच राज्यात, उत्तर कन्नड जिल्ह्यातील अकलगवी गुहेत, याचे उत्तर मिळाले आहे.

गुहेच्या छतातून ठिबकणारे पाणी खाली चुन्याचा सूक्ष्म थर सोडते. थरावर थर साचून जमिनीवर लवणस्तंभ उभा राहतो. अकलगवीच्या स्तंभातील थर वर्षागणिक पडलेले. खोडातील वलयांप्रमाणे ते मोजता आले. (हजारो वर्षांपूर्वीच्या थरांत मात्र युरेनियमपासून थोरियम किती तयार झाले, यावरून वय काढतात.) पाऊस विपुल झाला, की त्याच्या पाण्यातील जड ऑक्सिजनचे प्रमाण घटते. तीच खूण थरात उतरते.

अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील एम. जी. यादवा व आर. रमेश यांनी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील जी. बी. पंत यांच्यासह ३३१ वर्षांचा हा हिशेब २००४ साली प्रसिद्ध केला. सर्वाधिक पाऊस १६६६ च्या सुमारास, सर्वांत कमी १९०० च्या सुमारास! १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ सरकारी दप्तरात आहेच. त्याच काळची खूण दगडातही सापडावी, हे विशेष.

आज मोसमी पावसाची ‘सरासरी’ १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून ठरते. आपली कर्जाची जोखीमही तिच्यावरच तोलली जाते. अकलगवीची खतावणी त्याहून सहापट लांब आहे.