आजोबांच्या रेडिओला फोन जोडताय? आधी व्हॉल्व्हवरचं पहिलं अक्षर वाचा

आज तुमचा एकच प्रश्न घेतोय, कारण तो फिरून फिरून येतोय. "दादा, घरात जुना व्हॉल्व्हचा रेडिओ पडलाय, त्याला फोन जोडून गाणी वाजवता येतील का?" येतात. मी स्वतः वाजवतोय. पण काही सेट असे असतात की फोनची वायर जोडली की फोनच्या कडेला थेट २३० व्होल्ट येऊ शकतात. म्हणून शेवटपर्यंत ऐका.

आमच्या सोनपेठच्या घरी माळवदावरच्या खोलीत आजोबांचा सेट होता. कंपनीची पट्टी कधीच पडून गेलेली. दसऱ्याच्या साफसफाईत तो भंगारात निघाला, तर आजी म्हणाली, "तुझ्या आज्यानं दरसाल पोस्टात जाऊन त्याची फी भरली, अन् तू भंगारात घालतोस व्हय?" खरंय, तेव्हा रेडिओ ठेवायला लायसन लागायचं.

मग मी काय केलं? बीटेक झालेल्या माणसानं करू नये ते. प्लग थेट भिंतीत घातला. अर्ध्या मिनिटात मोठा गुणगुणाट, मग वास, आणि आतला एक कपॅसिटर फुटला. ट्रान्सफॉर्मर वाचला ते नशीब.

आता आत काय असतं ते बघू. रेडिओचा पुढचा भाग स्टेशन पकडतो आणि मागचा भाग आवाज मोठा करतो. हा मागचा भाग म्हणजेच आपला अँप. माझ्या सेटमध्ये तिथे ईसीएल ८२ आहे, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह, आणि आवाज जेमतेम तीन-साडेतीन वॉट. खोलीला पुरतो, वरातीला नाही.

हे नाव म्हणजे व्हेरिएबलला नीट नाव द्यावं तसं आहे. ई म्हणजे हीटरला ६.३ व्होल्ट, सी म्हणजे ट्रायोड, एल म्हणजे स्पीकर चालवणारा पेंटोड. पहिलं अक्षर लक्षात ठेवा, त्यावर परत येतो.

लोकांना वाटतं व्हॉल्व्ह गेला असेल. बहुतेक वेळा व्हॉल्व्ह ठणठणीत असतो, मेलेले असतात कपॅसिटर. दुकानात कंडेन्सर म्हणा, लगेच कळतं. त्यातला सगळ्यात घातकी म्हणजे ट्रायोड आणि पेंटोडच्या मधला मेणकागदाचा. त्यानं आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचा. पन्नास-साठ वर्षांत कागद दमट होतो, डीसी झिरपतो, पेंटोडच्या ग्रिडवर जातो. मग व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर करंट ओढतो, आतली प्लेट लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कपॅसिटर दहा-पंधरा रुपयांचा, पण तो ट्रान्सफॉर्मर शोधून मिळत नाही. तपासणी सोपी आहे: ईसीएल ८२ च्या तीन नंबरच्या पिनवर चेसिसच्या तुलनेत जवळपास शून्य व्होल्ट हवेत. दोन-चार व्होल्ट प्लस दिसले की तो बदला. मी न मोजताच बदलतो.

म्हणून माझी चूक करू नका. पहिल्यांदा सेट लावायचा तो सिरीज बोर्डावर, ६० वॉटचा तारेचा जुना बल्ब लावून. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. आणि प्लग काढला म्हणून लगेच हात घालू नका. फिल्टरच्या कपॅसिटरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट बसलेले असतात. १० के, ५ वॉटचा रेझिस्टर लांब वायरीनं काही सेकंद लावून ते उतरवा, मग मीटरनं खात्री करा. एक हात खिशात.

सगळे कागदी आणि फिल्टरचे कपॅसिटर मी पुण्याच्या बुधवार पेठेतून आणले. नवी तीन पिनची वायर धरून खर्च सातशेच्या आत. अर्थिंग चेसिसला जोडलं. फोन लावला मागच्या ग्रामोफोनच्या सॉकेटला. सेट मोनो असतो, म्हणून डावी आणि उजवी वायर नुसती पिळून जोडायची नाही. प्रत्येकीत १ केचा रेझिस्टर घालून मग एकत्र करायची, नाहीतर फोनचे दोन आउटपुट एकमेकांशी भांडतात.

आजीनं गाणी ऐकली, आणि पहिलं काय विचारलं? "परभणी लागतं का?"

मग गंगाखेडहून मामेभाऊ त्यांचा सेट घेऊन आला. "मलाबी असंच करून दे." मागचं झाकण काढलं तर यूसीएल ८२, यूवाय ८५. पहिलं अक्षर यू.

यू म्हणजे १०० मिलिअँपिअर. या सेटमध्ये सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर दिवाळीच्या माळेसारखे एकापाठोपाठ जोडून थेट लाइनवर असतात. मेन ट्रान्सफॉर्मरच नाही. लाइनची एक वायर सरळ चेसिसला. दोन पिनचा प्लग उलटा बसला की अख्खं चेसिस फेजवर. म्हणूनच अशा सेटच्या बटणांचे स्क्रू मेणानं बुजवलेले सापडतात. त्याला फोनची वायर जोडली असती तर जॅकची ग्राउंड चेसिसला, म्हणजे फेजला, आणि फोन भावाच्या हातात. आत ब्लूटूथचा रिसिव्हर बसवला तरी त्याची चार्जिंगची वायर बाहेर काढली की पुन्हा तेच. उपाय आहे, वन टू वन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, पण तो महाग आणि जड, आणि घरातलं कुणीतरी कधीतरी तो काढून ठेवणारच.

आणि ई दिसला म्हणून बिनधास्त होऊ नका. ऑटोट्रान्सफॉर्मरवाले सेटही असतात. प्लग भिंतीतून काढा, सेटचा स्विच चालू ठेवा, मीटरनं प्लगच्या प्रत्येक पिनपासून चेसिसपर्यंत मोजा. कुठेही कंटिन्युटी दिसली तर फोन लांब ठेवा.

भावाच्या सेटचे कपॅसिटर बदलले, मेण परत भरलं, झाकण घट्ट बसवलं. नुसता रेडिओ म्हणून दिला. तो अजून रुसलाय. तुमच्या सेटमधल्या व्हॉल्व्हवरची नावं कॉमेंटमध्ये टाका, पहिलं अक्षर मी वाचून सांगतो.