सातचा भोंगा

हॉस्टेलमध्ये आम्हाला मोबाइल ठेवता येत नाही. रविवारी घरी बोलायला दहा मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात क्रॉसकंट्रीतला क्रमांक, गणिताचे मार्क, मेसमधले वरण असे सगळे मी आईला भराभर सांगून टाकतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत रायपूरच्या गाडीत बसलो तेव्हा वाटले, आता वीस दिवस बोलायला वेळच वेळ!

आमचे घर तात्यापाऱ्यात आहे. आजोबा ८२ वर्षांचे. त्यांना कमी ऐकू येते. कानाला मशीन आहे, तरी ते समोरच्याचे ओठ आणि चेहरा पाहूनच बोलणे जुळवतात. तिसऱ्या रात्री जेवताना त्यांनी मला विचारले, "एनडीएचा अभ्यास कुठवर आलाय रे?" तीन महिन्यांनी हातात आलेला मोबाइल मी ताटाशेजारी ठेवला होता. मान वर न करता मी उत्तर दिले. त्यांनी पुन्हा विचारले. मी आवाज चढवला, पण नजर होती तिथेच. आजोबा काही न बोलता ताट घेऊन उठले.

नंतर आई म्हणाली, "ते तुझा आवाज ऐकत नाहीत, तुझं तोंड बघतात. तू तोंडच खाली घातलंस."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मग या विषयावर जे मिळेल ते वाचले, तेव्हा कळले की हे फक्त आजोबांचे नाही. आपण सगळेच थोडेफार चेहऱ्यावरून ऐकतो.

१९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. आई आधी तान्ह्या बाळाशी हसून-खेळून बोलते. मग काही मिनिटे ती तिथेच, बाळासमोर, पण निर्विकार चेहऱ्याने बसते. बाळ हसून, हात पुढे करून, ओरडून तिचे लक्ष वेधू पाहते. काहीच उत्तर मिळत नाही असे दिसले की ते तोंड फिरवते. आई कुठेही गेलेली नसते, पण बाळाच्या लेखी ती तिथे नसते. मोबाइलमध्ये डोके घातलेला माणूस घरातल्यांना असाच दिसतो. समोरच्याला टाळून फोन पाहण्याच्या या सवयीला २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात 'फबिंग' असे नावही मिळाले.

इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अनोळखी माणसांच्या जोड्या दहा मिनिटे गप्पा मारायला बसवल्या. काही जोड्यांच्या जवळ वही ठेवली, काहींच्या जवळ मोबाइल. तो मोबाइल त्या दोघांपैकी कोणाचाच नव्हता. तरी मोबाइल असलेल्या जोड्यांना एकमेकांबद्दल कमी जवळीक वाटली. आणि हा फरक हवापाण्याच्या गप्पांपेक्षा मनातल्या गोष्टी बोलताना जास्त दिसला.

मग आपण फोन बाजूला का ठेवत नाही? पुस्तकाचे पान संपते, वर्तमानपत्र संपते. मोबाइलचा पडदा संपत नाही. बोटाने सरकवत राहिले की खालून नवे येतच राहते. ही अखंड सरकणाऱ्या पानाची कल्पना २००६ मध्ये अझा रास्किन या तंत्रज्ञाने मांडली. दहा गोष्टी कंटाळवाण्या निघतात, अकरावी मजेदार निघते. ती कधी येईल हे ठाऊक नसल्यामुळेच बोट थांबत नाही.

यावर एका मराठी गावाने काढलेला उपाय मला फार आवडला. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली आणि शाळा पुन्हा भरू लागल्यावरही मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी महिलांची सभा झाली आणि गावासाठी भोंगा घ्यायचे ठरले. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने देवळावर भोंगा बसला. संध्याकाळी सातला तो वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन लोकांना समजावत.

यातली खुबी आपल्याला पटकन कळेल. पहाटे पाचला एकट्याने उठायचे म्हटले तर किती जण उठतील? पण घंटा झाली की सगळे उठतात, म्हणून आपणही उठतो. मी घरी तीन दिवस एकट्याने फोन बंद ठेवून पाहिला. बाकीचे आपापल्या फोनमध्ये, मी भिंतीकडे बघत! चौथ्या दिवशी मी पीटीची शिट्टी काढली. रात्री आठला शिट्टी, सगळ्यांचे फोन फ्रिजवरच्या टोपलीत, साडेनऊला परत. बाबांना कामाचा फोन येऊ शकतो, म्हणून त्यांची रिंग चालू ठेवायची एवढी सवलत. ताई दोन दिवस कुरकुरली. आजोबांना शिट्टी ऐकू येत नसे, पण टोपली भरताना दिसली की ते आपली खुर्ची पुढे ओढत.

मोबाइल वाईट आहे असे मी म्हणणार नाही. रविवारी आईचा आवाज मला फोनवरूनच ऐकू येतो. पण त्या दहा मिनिटांत मी दुसरे काहीच करत नाही, म्हणून ती मिनिटे मोठी वाटतात. मित्रांनो, पुढच्या सुट्टीत घरी गेलात की घरच्यांना विचारून एक वेळ ठरवा. एकट्यासाठी नव्हे, सगळ्यांसाठी.

परवाच्या रविवारी आईला विचारले, "टोपली चालू आहे का?" ती म्हणाली, "कधी राहून जाते. मग तुझे आजोबाच उठून टोपली टेबलावर आणून ठेवतात."