आधी नखं मोजा

महिन्यातून एखादा तरी फोटो येतोच. तळहातावर नदीतला किडा आणि खाली प्रश्न: 'सर, ही कोणती जात?' हिंगोली जिल्ह्यात विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला सगळे किडे ओळखता येतात, असा लोकांचा समज आहे. विचारणाऱ्याने मोबाइलला आधीच विचारलेलं असतं आणि मोबाइलने बिनदिक्कत 'स्टोनफ्लाय' सांगून टाकलेलं असतं. माझं उत्तर ठरलेलं: पायाची नखं मोज, मग बोलू.

स्टोनफ्लाय हा प्लेकॉप्टेरा गणातला कीटक. जगभरात त्याच्या साडेतीन हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात. पिल्लं वाहत्या पाण्यात दगडांखाली वाढतात. वाढ पुरी झाली की पिल्लू पाण्याबाहेर येऊन कात टाकतं, आणि पंख फुटलेला किडा थोडेच दिवस जगतो.

पावसाळा ओसरला की नर्सीजवळ कयाधूचं पाणी निवळतं. खळाळातला एखादा गोटा उचलून लगेच उलटा करायचा. चपटी, करडी पिल्लं खेकड्यासारखी तिरकी पळतात. ती मेफ्लाय या दुसऱ्याच किड्याची. मेफ्लायला तीन शेपट्या आणि स्टोनफ्लायला दोन, एवढं पोरं पाठ करून येतात. पण एपिओरस नावाच्या मेफ्लायलाही दोनच शेपट्या असतात. शिवाय चिमट्यात धरताना एखादी तुटली की तिनाच्या दोन झाल्याच! म्हणून भिंग पायाच्या टोकावर धरायचं. मेफ्लायच्या पिल्लाच्या प्रत्येक पायाला एकच नख, स्टोनफ्लायला दोन. मग कल्ले पाहायचे. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना असतात आणि पुष्कळदा पाण्यात सारखे हलताना दिसतात. दक्षिण भारतात प्रामुख्याने पर्लिडी कुळातल्या स्टोनफ्लाय आढळतात, त्यांचे कल्ले छातीखाली, पायांच्या मुळाशी, पांढुरक्या झुबक्यांच्या रूपात असतात.

एवढा खटाटोप कशासाठी? पाण्यात सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू विरघळलेला ऑक्सिजन खाऊन टाकतात, आणि स्टोनफ्लायला तर ऑक्सिजन भरपूर लागतो. ब्रिटनमध्ये किड्यांवरून नदीला गुण द्यायची पद्धत बसवली गेली. तिच्यात पर्लिडी कुळाला दहापैकी दहा, चिखलातल्या लाल अळ्यांच्या कुळाला दोन आणि गांडुळवर्गातल्या कृमींना एक गुण. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही भारतीय नद्यांसाठी अशीच पद्धत तयार केली. बाटलीतला नमुना त्या दिवसाचं पाणी सांगतो. पिल्लू महिनोन् महिने त्याच पाण्यात काढतं, त्यामुळे त्याची साक्ष मला जास्त वजनदार वाटते.

पण स्टोनफ्लाय ओळखली म्हणजे जात कळली असं नव्हे. खरी कसोटी तिथून पुढे. निओपर्ला हा पर्लिडीतला मोठा गट. त्याला हे नाव अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ जेम्स नीडहॅम यांनी १९०५ मध्ये दिलं. डोक्यावर साधे डोळे तिनाऐवजी दोन, ही त्याची खूण. यातल्या जाती बाहेरून एकमेकींसारख्याच दिसतात. पिवळट-तपकिरी अंग, धुरकट पंख. फोटोवरून काय कपाळ ओळखणार! पिल्लावरून सहसा जात सांगता येत नाही, मादीवरूनही अवघडच. नर लागतो. रात्री नदीकाठी पांढरं कापड टांगून दिवा लावला की तो येतो. त्याच्या पोटाचं टोक कापून कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवतात. आतलं मांस विरघळतं आणि जननेंद्रियाची मऊ नळी बाहेर उलटवता येते. तिच्यावरच्या बारीक काट्यांची मांडणी, हीच जातीची ओळख. अंड्याच्या कवचावरची नक्षीही पाहतात.

मग जुन्या वर्णनांशी मेळ घालायचा. ही पायरी कंटाळवाणी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. शंभर वर्षांपूर्वीच्या बऱ्याच वर्णनांत नुसता रंग आणि पंखांच्या शिरा आहेत. म्हणजे संग्रहालयातला मूळ नमुना काढून नव्याने तपासायचा. हे सगळं झाल्यावरही आपला नर वेगळा ठरला, तरच नवं नाव. तमिळनाडूतली निओपर्ला बायसेरिआटा २००७ मध्ये अशीच शास्त्रात आली. ज्या एका नमुन्यावर नाव टेकलेलं असतं, त्याला होलोटाइप म्हणतात आणि तो संग्रहालयात कायमचा जपतात. 'नवी प्रजाती सापडली' अशी बातमी दिसली, की होलोटाइप कुठे ठेवलाय ते मी आधी शोधतो.

आमच्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगोची वेधशाळा मंजूर आहे. अंतराळातल्या लहरी टिपायला तिचे ४-४ किलोमीटर लांबीचे दोन बाहू असतील. त्याचा अभिमान आहेच. पण कयाधूतला गोटा उलटायला कुणाची मंजुरी लागत नाही.

'उन्हाळ्यात नदी आटते, मग हा किडा इथे टिकेल कसा?' असं पोरं विचारतात. शंका रास्त आहे. तरी अमेरिकेत पर्लेस्टा गटातल्या काही स्टोनफ्लाय उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यांत राहतात. कोरडे महिने त्यांची अंडी वाढ थांबवून काढतात आणि पाणी परतल्यावर फुटतात. म्हणून कयाधूवर मी आधीच काट मारत नाही. दोन नखांचं पिल्लू मिळालंच, तर ते ८० टक्के अल्कोहोलच्या कुपीत जायला हवं, सोबत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी: गाव, नदी, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. पेन्सिलच, कारण अल्कोहोलमध्ये बॉलपेनची शाई विरघळते. मग ती कुपी पुण्यात आकुर्डीला, भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात पाठवता येईल.