गोचीड तापातील वासराचे हृदय

संकरित वासरास थायलेरिओसिस, अर्थात गोचीड ताप, झाला आणि उपचाराने ताप उतरला की पशुपालक निश्चिंत होतो. त्यानंतर एक-दोन दिवसांत वासरू अकस्मात कोसळले, तर दोष औषधाला दिला जातो. अशा मृत्यूमागे हृदयाची हानी असू शकते, हे क्वचितच ध्यानात घेतले जाते.

थायलेरिया अन्युलाटा हा एकपेशीय परजीवी प्रथम रक्तातील पांढऱ्या पेशींत शिरतो व त्यांना अनिर्बंध विभाजनास भाग पाडतो. खांद्यापुढील लसिका ग्रंथी सुजतात त्या यामुळेच. या बाधित पेशी रक्तावाटे हृदयातही पोहोचतात. तेथील स्नायूंत दाह निर्माण होऊन काही तंतू नष्ट होतात. शवविच्छेदनात हृदयाच्या बाह्य व आतील आवरणावर टाचणीच्या टोकाएवढे रक्तस्राव दिसतात. बाधित गुरांच्या रक्तात ट्रोपोनिन-आय हे हृदयस्नायूतील प्रथिन वाढलेले आढळते. स्नायूपेशींना इजा झाल्याची ती खूण होय. पुढे परजीवी तांबड्या पेशींत शिरतो आणि रक्तक्षय होतो. प्राणवायूची उणीव भरून काढण्यासाठी त्याच जखमी हृदयाला अधिक वेगाने धडधडावे लागते.

बुपारव्हाक्वोन (किलो वजनामागे २.५ मिलिग्रॅम, स्नायूत) परजीवीचा नाश करते, हानी पावलेला स्नायू मात्र त्याने लगेच पूर्ववत होत नाही. म्हणून वासरास दवाखान्यापर्यंत चालवत नेऊ नये, पशुवैद्यकांना गोठ्यात बोलवावे. ताप उतरल्यावरही काही दिवस त्यास सावलीत, स्वस्थ ठेवावे. चरावयास सोडू नये. अशक्तपणा पाहून घाईघाईने सलाईन चढवण्याचा आग्रह धरला जातो, तोही घातक ठरू शकतो, कारण दुर्बळ हृदयास द्रवाचा तो भार पेलत नाही. सलाईन वा रक्त किती आणि कोणत्या वेगाने द्यावयाचे, हा निर्णय पशुवैद्यकांचाच. डाव्या कोपरामागे हात ठेवून ठोके तपासण्याची सवय मात्र प्रत्येकाने लावून घ्यावी. विश्रांतीतही ते फार जलद वा अनियमित लागले, तर तत्काळ कळवावे.

मी कीटकशास्त्राचा अभ्यासक. गोचीड हा काटेकोरपणे कीटक नव्हे, पूर्ण वाढीनंतर त्यास आठ पाय असतात. हा रोग पसरवणारा हायलोमा गोचीड भिंतींच्या भेगांत कात टाकतो व तेथेच अंडी घालतो. अंड्यांतून हा परजीवी पुढील पिढीत जात नाही. लहान अवस्थेत बाधित जनावराचे रक्त प्यायलेला गोचीड पुढील अवस्थेत निरोगी वासरास चिकटला की संसर्ग होतो. चिकटल्यावरही परजीवी लाळग्रंथींत परिपक्व होण्यास साधारण दोन-तीन दिवस लागतात. त्यामुळे रोज कान, मानेखालची पोळी व शेपटीचे मूळ तपासून गोचीड काढल्यास पुष्कळ धोका टळतो. केवळ जनावरावर फवारणी करून भेगा तशाच सोडल्यास औषधाचा खर्च वाया जातो. भेगा बुजवाव्यात, वासरे बाहेर काढून भिंतींवर फवारणी करावी.

संकरित वासरांसाठी लस उपलब्ध आहे. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवावी लागते. तेव्हा उन्हाळ्यात गोचीड वाढण्यापूर्वीच पशुवैद्यकीय दवाखान्यात मागणी नोंदवावी.