मांजरांच्या कॅफेत जरूर जा, पण ओरखडा लपवू नका

पैसे देऊन मांजर गोंजारायला जायचं, हे ऐकून आपल्या वस्तीतल्या आज्या हसतील. आपल्याकडे मांजर न बोलावता चुलीपाशी येऊन बसतं, कुत्रं दारात आडवं पडलेलं असतं आणि शेळी ओट्यावर चढून पीठ खाते. पण शिकायला, नोकरीला मुंबई-पुण्याला गेलेली आपली लेकरं सुट्टीच्या दिवशी अशा प्राण्यांच्या कॅफेत जातात. दिवाळीत किंवा उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलेल्या लहान भावंडांनाही नेतात. मांडीवर मांजर घेतलेला फोटो घरच्या मोबाईलवर येतो, सगळे कौतुकाने बघतात.

यात वाईट काही नाही. जनावराच्या अंगावरून हात फिरवला की मन हलकं होतं, हे आपण रोज अनुभवतो. परक्या शहरात एका खोलीत चौघं-पाचजण राहणाऱ्या पोरांना तर त्याची जास्त गरज असते. फक्त त्या फोटोत हातावरचा बारीक ओरखडा दिसत नाही. या वेळचं आरोग्य पान त्या ओरखड्याविषयी आहे.

हे कॅफे असतात कसे?

मांजरांचा पहिला कॅफे १९९८ साली तैवानच्या तैपेई शहरात सुरू झाला, असं मानतात. पुढे ही पद्धत जपानमध्ये फार पसरली. तिथल्या लहान घरांत आणि भाड्याच्या खोल्यांत प्राणी पाळता येत नाहीत, म्हणून लोक तासाचे पैसे देऊन मांजरांजवळ बसू लागले. आपल्याकडे मुंबईत अंधेरीजवळच्या वर्सोव्यात कॅट कॅफे स्टुडिओ सुरू झाला. रस्त्यावरून आणलेल्या मांजरांना तिथे आसरा दिला जातो आणि चांगलं घर मिळालं तर दत्तकही दिलं जातं. इतर शहरांतही कुत्र्या-मांजरांचे असे कॅफे निघाले आहेत.

चांगल्या कॅफेची ओळख सोपी आहे. आत जाण्याआधी हात धुवायला सांगतात. खाण्याची जागा आणि प्राण्यांची जागा वेगळी असते. झोपलेल्या मांजराला उठवू देत नाहीत, बळजबरीने उचलू देत नाहीत. माणसांपासून दूर जायचं असेल तर प्राण्याला लपायला कोपरा असतो. आणि लसीकरणाविषयी विचारलं तर न चिडता माहिती देतात.

परदेशात काही ठिकाणी घुबडं, रॅकून असे जंगली प्राणीही कॅफेत ठेवतात. प्राण्याचे हाल होतात आणि माणसाला रोगाचा धोका असतो, म्हणून दक्षिण कोरियाने डिसेंबर २०२३ पासून त्यावर बंदी आणायला सुरुवात केली. आपल्याकडे देशी पोपट किंवा तारा कासव पिंजऱ्यात ठेवणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. असे प्राणी कुठे दिसले तर तिथे पैसे देऊ नका.

लहानसहान त्रास

दमा: मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक घटक असतो. तो कोंड्याबरोबर आणि केसांबरोबर हवेत उडतो. दम्याच्या माणसाला बंद एसी खोलीत त्याने शिंका, खोकला, धाप लागू शकते. दमा असेल तर पंप खिशात ठेवा आणि छातीत घरघर वाटली की लगेच बाहेर या.

गजकर्ण: मांजराच्या, विशेषतः पिल्लाच्या अंगावरून बुरशी माणसाला लागू शकते. गोल, खाजरा चट्टा उठतो. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून चोळू नका. खाज दोन दिवस थांबते आणि गजकर्ण आत पसरत जातं. डॉक्टरांना दाखवा.

गाठ आणि ताप: मांजराने बोचकारल्यावर आठ-पंधरा दिवसांनी काखेत किंवा मानेत दुखरी गाठ आली, अंगात कणकण राहिली, तर डॉक्टरांना ‘मांजराने बोचकारलं होतं’ हे सांगा. एवढ्या एका वाक्याने निदान सोपं होतं.

गरोदरपण: मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पसरू शकतो. तो गर्भाला बाधक ठरतो. म्हणून गरोदर बाईने मांजराची घाण साफ करू नये. करावीच लागली तर हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. हाच जंतू कच्च्या-अर्धवट शिजलेल्या मटणातून आणि मातीच्या भाजीतूनही येतो. मटण पूर्ण शिजवा, भाजी धुऊन घ्या. मात्र सून गरोदर आहे म्हणून घरचं मांजर हाकलून देण्याची गरज नाही.

मोठा धोका एकच: रेबीज

बाकी सगळ्यावर नंतरही इलाज होतो. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पाण्याची भीती, वाऱ्याची भीती, घशाला येणारे झटके दिसू लागले की मोठ्यातल्या मोठ्या दवाखान्याच्या हातातही फारसं काही उरत नाही. पण चावल्यानंतर वेळेवर उपचार घेतले तर हा आजार टळतो. म्हणूनच यातला प्रत्येक मृत्यू टाळता येण्यासारखा असतो.

जगात रेबीजने मरणाऱ्या माणसांपैकी ९९ टक्क्यांपर्यंत लोकांना तो कुत्र्यापासून झालेला असतो. पण मांजर, माकड, मुंगूस यांच्यापासूनही होतो. चावा घेतल्यापासून लक्षणं दिसायला बहुतेक वेळा दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडा, कधी वर्ष. जखम कधीच भरून गेलेली असते आणि घरचे ती विसरलेले असतात.

नीट लस टोचलेल्या, घरातच राहणाऱ्या कॅफेतल्या मांजरापासून रेबीजचा धोका फार कमी असतो. पण तो धोका किती, हे आपण खोलीवर बसून ठरवायचं नाही, डॉक्टरांनी ठरवायचं. आणि सवयीचाही प्रश्न आहे. कॅफेतला ओरखडा लपवणारं लेकरू उद्या वस्तीतल्या पिल्लाने दात लावला तरी लपवतं. नियम दोन्हीकडे एकच ठेवा.

चावलं किंवा बोचकारलं तर

१. लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा. नळ नसेल तर तांब्याने पाणी ओता. घड्याळ लावून धुवा, कारण १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. मग असेल तर पोव्हिडोन आयोडीन लावा.

२. हळद, चुना, मिरची, तेल, माती काहीही भरू नका. घट्ट पट्टी बांधू नका. टाके घालायची घाई करू नका.

३. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रात्र झाली असेल तर मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

डॉक्टर जखमेचे तीन प्रकार करतात. प्राण्याला नुसता हात लावला किंवा धड कातडीला त्याने चाटलं, तर लस लागत नाही. रक्त न येणारा ओरखडा किंवा हलका दात लागला असेल तर लस लागते. कातडी फाटली, रक्त आलं, किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन हे वेगळं औषध जखमेत आणि जखमेभोवती टोचावं लागतं. ते पहिल्याच दिवशी घ्यायचं असतं. तेव्हा मिळालं नाही तर पहिल्या लसीपासून ७ दिवसांच्या आत घेता येतं. छोट्या दवाखान्यात ते नसेल तर ‘कुठे मिळेल’ असं विचारा आणि चिठ्ठी घेऊन तिथे जा. नांदेडकरांसाठी विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरकरांसाठी विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे.

लस दंडात देतात. सरकारी दवाखान्यात बहुतेक वेळा कातडीत टोचतात. ती पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. पहिला दिवस शून्य धरतात. म्हणजे पहिला डोस १ तारखेला घेतला तर पुढचे ४, ८ आणि २९ तारखेला. स्नायूत टोचली तर १५ तारखेचा आणखी एक डोस असतो.

कुत्रं-मांजर असेल तर त्याला मारू नका, पळवून लावू नका. १० दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. लस मात्र लगेच सुरू करायची. प्राणी १० दिवसांनंतरही धडधाकट असेल तर पुढचे डोस कमी करायचे का, ते डॉक्टर सांगतील. कॅफेतलं मांजर तिथेच असतं, म्हणून निघताना कॅफेचा फोन नंबर घ्या आणि दहाव्या दिवशी विचारा.

मुंबईत पहिला डोस, गावी दुसरा

पोरगी शनिवारी मुंबईत कॅफेत गेली, बोचकारलं, पहिला डोस घेतला आणि मंगळवारी तपोवन किंवा देवगिरीने नांदेडला आली, असं होऊ शकतं. अशा वेळी डोस चुकतो आणि चुकला की माणूस गप्प बसतो. लक्षात ठेवा, पुढचे डोस आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यातही घेता येतात. मुंबईत केईएम, नायर, सायन, कूपर अशा महापालिकेच्या रुग्णालयांत दिलेला कागद जपून ठेवा, त्याचा फोटो काढून घरच्यांना पाठवा. डोस चुकला असेल तर सोडून देऊ नका; लगेच जा आणि पुढचं वेळापत्रक विचारून घ्या.

पूर्वी ही लस पूर्ण झालेली असेल तर तेही सांगा. मग साधारणपणे दोनच डोस लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

हे समज सोडून द्या

‘पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात.’ ती जुनी लस होती. आपल्या देशात ती २००४ पासून बंद आहे.

‘टीटी घेतलं, झालं.’ टीटी धनुर्वातासाठी असतं. त्याने रेबीज थांबत नाही.

‘गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला लस चालत नाही.’ चालते. तान्ह्या बाळालाही देतात.

‘अमक्या गावचा माणूस मंत्र टाकतो, पाला देतो, विष उतरतं.’ रेबीज हा विषाणू आहे, तो मंत्राने उतरत नाही. ज्यांना ‘गुण आला’ त्यांना चावलेलं कुत्रं पिसाळलेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या ९ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली, तेव्हापासून याला उत्तर आहे. ते आज आपल्या तालुक्याला फुकट मिळतं. ते सोडून लेकराला मांत्रिकाकडे नेणं म्हणजे त्याचे हाताशी असलेले दिवस वाया घालवणं.

लेकरांना रागावू नका

कुत्रं-मांजर चावणाऱ्यांत लहान मुलं फार असतात. ती सांगत नाहीत, कारण मार बसेल ही भीती असते. ‘कशाला गेलीस त्या कॅफेत?’, ‘पिल्लाला हात कशाला लावला?’ हे प्रश्न नंतर विचारा. आधी साबण आणि पाणी. बाहेरगावी असलेल्या लेकराशी फोनवर बोलताना फोटोचं कौतुक करा आणि सहज विचारा, ‘कुठं बोचकारलं नाही ना?’ घरच्या लहानग्यांना आंघोळ घालताना हातपाय बघत जा.

विहाराच्या फळ्यावर किंवा घराच्या भिंतीवर एवढं लिहून ठेवा: १५ मिनिटं साबण-पाणी. त्याच दिवशी सरकारी दवाखाना. सगळे डोस पूर्ण.